तळातला क्लब खरंच वर येतो का? ल्यूटनपासून कोल्हापूरपर्यंतचे प्रश्न

मे 2025 मध्ये इंग्लंडमधला संडरलंड क्लब परत प्रीमियर लीगमध्ये गेला तेव्हापासून फुटबॉलची पत्रं वाढलीयत, आणि मँचेस्टर-लिव्हरपूलचं एकही नाही, सगळी खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांबद्दल. मला मनापासून आनंद झाला. त्यातली चार घेतोय. पहिल्याला जागा जास्त गेलीय, तो प्रश्नच तेवढा मोठा आहे.

प्रश्न: नमस्कार सर. आम्ही मूळचे नाशिकचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं इंग्लंडमध्ये ल्यूटनला राहतोय. मुलगा दहा वर्षांचा. शाळेतल्या मित्रांमुळे ल्यूटन टाउनचा फॅन झाला आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये होता ते वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. मग 2024 ला खाली गेले, आता 2025 ला परत खाली, दोन वर्षांत दोन डिव्हिजन! मे महिन्यात वेस्ट ब्रॉमशी शेवटची मॅच हरले तेव्हा पोरगं जेवलं नाही. आता रोज विचारतो, आई परत वर येतील ना? मला फुटबॉलमधलं फार कळत नाही पण त्याला खोटं सांगायचं नाहीये. काय सांगू?
— एक आई, ल्यूटन

उत्तर: ताई, खोटं सांगायची वेळच येणार नाही. येऊ शकतात. कधी येतील ते मात्र कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आधी पायऱ्या समजून घ्या म्हणजे पोराशी बोलायला सोपं जाईल. सगळ्यात वर प्रीमियर लीग, 20 क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, तिन्हीत 24-24. झाले 92. त्याखाली नॅशनल लीग, आणि तिच्याही खाली पार गावोगावच्या लीगपर्यंत उतरंड आहे, आणि दरवर्षी वरचे काही खाली येतात, खालचे काही वर जातात. लीग वनमधले पहिले दोन थेट चॅम्पियनशिपला जातात, तीन ते सहा नंबरचे चौघे आपसात प्लेऑफ खेळतात आणि त्यातला एक जातो. म्हणजे 24 मधले तीन. 2025 मध्ये ल्यूटन इथे आला, प्रीमियर लीगच्या दोन पायऱ्या खाली.

आणि या क्लबने दोन नाही, चार पायऱ्या चढून दाखवल्यात, हे पोराला आवर्जून सांगा, कारण तो जन्मला तेव्हा ल्यूटन लीग टूमध्ये होता. त्याच्याही आधी 2007, 2008, 2009 अशी लागोपाठ तीन वर्षं हा क्लब घसरला होता. शेवटच्या वर्षी तर सीझन सुरू व्हायच्या आधीच 30 पॉइंट कापले. त्यातले दहा पॉइंट इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, एजंटांना दिलेल्या पैशांच्या जुन्या व्यवहारांवरून, आणि वीस पॉइंट लीगने, दिवाळखोरीतून बाहेर पडतानाचे नियम पाळले नाहीत म्हणून. त्या टीमने मैदानावर 56 पॉइंट कमावले होते. टेबलमध्ये दिसले 26 आणि नंबर शेवटचा. आधीच्या लोकांनी घातलेल्या घोळाची शिक्षा नंतरच्या मुलांनी आणि गावाने भोगली, याचा राग ल्यूटनच्या जुन्या लोकांच्या मनात आहे, आणि तो मला पूर्ण पटतो.

पण त्याच सीझनमध्ये एप्रिल 2009 ला एक गोष्ट झाली जी मला फार मोठी वाटते. खालच्या दोन डिव्हिजनसाठी एक कप असतो, फुटबॉल लीग ट्रॉफी म्हणतात, त्याच्या फायनलला ल्यूटन पोचला, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर. क्लब 92 मधून बाहेर फेकला जाणार हे जवळपास ठरलेलंच होतं आणि तरी त्या दिवशी गावातून 40 हजारांवर लोक वेम्बलीला गेले. एक्स्ट्रा टाइममध्ये स्कंथॉर्पला 3-2 हरवलं. डिव्हिजनमध्ये शेवटचा नंबर असलेली टीम कप उचलतेय आणि लोक रडतायत. ज्या क्लबमागे असे लोक उभे असतात तो संपत नाही असं मी तेव्हापासून मानत आलोय.

मग पाच वर्षं पाचव्या पायरीवर. तिथून वर यायला तेव्हा जागा दोनच, एक चॅम्पियनला आणि एक प्लेऑफ जिंकणाऱ्याला. 2011 ला प्लेऑफ फायनल पेनल्टीवर हरले, 2012 ला परत फायनल, परत हरले. जानेवारी 2013 मध्ये एफए कपात, म्हणजे वरखालच्या सगळ्या पायऱ्यांचे क्लब खेळतात त्या कपात, प्रीमियर लीगमधल्या नॉर्विचला त्यांच्याच मैदानावर 1-0 हरवलं, लीगबाहेरच्या, म्हणजे 92 च्या बाहेरच्या, टीमने टॉप डिव्हिजनच्या टीमला हरवायची 1989 नंतरची पहिलीच वेळ, आणि त्याच वर्षी आपल्या लीगमध्ये मात्र सातवे आले! शेवटी 2014 ला 101 पॉइंट घेऊन चॅम्पियन. 2018 ला लीग टूमधून वर, लगेच 2019 ला लीग वन जिंकून वर, आणि 27 मे 2023 ला कॉव्हेंट्रीविरुद्ध चॅम्पियनशिपमधून प्रीमियर लीगला जायची प्लेऑफ फायनल.

ती मॅच पोराने यूट्यूबवर पाहिली असेल, नसेल तर दाखवा. सुरुवातीलाच कॅप्टन टॉम लॉकयर कोणाचा धक्का नसताना मैदानात कोसळला, त्याला हॉस्पिटलला नेलं, बाकीच्यांना तसंच खेळत राहावं लागलं. जॉर्डन क्लार्कने गोल केला, कॉव्हेंट्रीने फेडला, 1-1, मग पेनल्टी. पाच-पाच झाल्या, दोन्हीकडची एकही चुकली नाही. सहाव्या फेरीत ल्यूटनची आत गेली आणि कॉव्हेंट्रीच्या फँकाटी डाबोची बारवरून गेली, संपलं. लॉकयर हॉस्पिटलच्या बेडवरून बघत होता. आणि त्या टीममध्ये पेली रडक म्पान्झू होता, जो 2013 ला आला तेव्हा क्लब पाचव्या पायरीवर होता, म्हणजे एकाच क्लबकडून लीगबाहेरच्या पायरीपासून प्रीमियर लीगपर्यंत खेळलेला पहिला माणूस.

आता हे झालं कसं ते महत्त्वाचं, कारण पुढचं उत्तर त्यातच आहे. 2008 मध्ये क्लब त्याच्याच चाहत्यांच्या एका ग्रुपने घेतला आणि त्यांनी एक धोरण सोडलं नाही, कमाईपेक्षा जास्त पगार द्यायचे नाहीत. चॅम्पियनशिपमध्ये कित्येक सीझन असे गेलेत की सगळ्या क्लबांची मिळून कमाई जेवढी, त्याहून खेळाडूंचे पगार जास्त. तिथे ल्यूटन कमी बजेटवाल्यांत मोडत होता. खालच्या डिव्हिजनमधून पोरं घ्यायची, घडवायची, चांगली किंमत आली की विकायची आणि तो पैसा परत टीममध्ये घालायचा. जेम्स जस्टिन त्यांच्याच अकॅडमीतला, 2019 ला लेस्टरला विकला. मैदानाचं तर तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिथेच राहता, बरी पार्कमध्ये भाजी-मसाले घ्यायला जात असाल तर केनिलवर्थ रोड तिथेच आहे. पाहुण्या टीमच्या लोकांचं गेट चाळीसारख्या घरांच्या रांगेत, दोन घरांच्या मधून आत शिरायचं आणि मग लोखंडी जिन्यावरून लोकांच्या मागच्या अंगणावरून जायचं, खाली कपडे वाळत घातलेले दिसतात. अशा मैदानावर मँचेस्टर सिटी, आर्सेनल खेळून गेले. प्रीमियर लीगच्या नियमात बसवायला एक अख्खा स्टँड नव्याने बांधावा लागला, तो वेळेत झाला नाही म्हणून 2023 मधली घरची पहिली मॅचच पुढे ढकलली.

मग घसरले का? प्रीमियर लीगमध्ये 26 पॉइंट, 18 वा नंबर. पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये बाहेरच्या मैदानांवर वाईट हरत राहिले, जानेवारीत मॅनेजर रॉब एडवर्ड्सने क्लब सोडला, मॅट ब्लूमफील्ड आला, त्याने शेवटी शेवटी बरंच सावरलं होतं पण शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमकडे 5-3 हार. माझं मत विचाराल तर वर गेलेली टीम जेव्हा खाली येते तेव्हा तिला वाटत राहतं की आपण इथले नाही, आणि ते वाटणं पहिल्या दहा मॅचमध्ये गेलं नाही तर फार महाग पडतं.

प्रीमियर लीगमधून लागोपाठ दोन वर्षांत तिसऱ्या पायरीवर आलेले क्लब मोजकेच आहेत, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. वुल्व्ज 2012 आणि 2013 ला घसरले, पण 2014 ला 103 पॉइंट करून लगेच वर, 2018 ला परत प्रीमियर लीग. संडरलंड 2017 आणि 2018 ला घसरला, दर वर्षी वाटायचं यंदा नक्की, आणि चार वर्षं लीग वनमध्येच अडकला, 2022 ला सुटला आणि मे 2025 मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध फायनलच्या अगदी शेवटच्या मिनिटांत गोल करून परत वर गेलाय. आणि स्विंडन, 1994 आणि 1995 ला घसरला, 1996 ला एक पायरी वर आला, पण प्रीमियर लीग पुन्हा बघितलीच नाही, 2025 मध्ये लीग टूमध्ये होता.

ल्यूटन यातलं काय करेल? वरून घसरलेल्या क्लबला प्रीमियर लीग काही वर्षं पैसे देते, पॅराशूट पेमेंट म्हणतात, पण एकच सीझन वर राहिलेल्याला ते दोनच वर्षं मिळतात. म्हणजे 2025-26 चा सीझन शेवटचा. लीग वनमधल्या बाकीच्यांपेक्षा ल्यूटनच्या खिशात त्या सीझनला बरेच जास्त पैसे, त्यानंतर नाहीत. म्हणून त्या किंवा त्याच्या पुढच्या सीझनला एक पायरी वर यायची शक्यता मला चांगली वाटते. त्यापुढची पायरी पॉवर कोर्टच्या नव्या स्टेडियमवर बरीच अवलंबून असेल. डिसेंबर 2024 मध्ये 25 हजार सीटच्या त्या स्टेडियमला परवानगी मिळालीय, आणि आत्ताचं मैदान त्याच्या निम्म्याहून लहान आहे.

2025-26 ची पहिली मॅच शुक्रवारी, 1 ऑगस्ट 2025 ला, घरच्या मैदानावर, एएफसी विम्बल्डनशी होती. हा तोच क्लब ज्याने 2011 ला ल्यूटनला पेनल्टीवर हरवलं होतं. त्यांची गोष्टही पोराला सांगा. 2002 मध्ये त्यांचा मूळ क्लब उचलून दुसऱ्या गावाला, मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी दिली गेली, तर चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर ट्रायल घेऊन टीम उभी केली आणि पार तळापासून सुरुवात करून नऊ वर्षांत पाच प्रमोशन घेऊन 92 मध्ये आले. आजही क्लब चाहत्यांच्याच ताब्यात आहे. त्यांची मॅच पुन्हा ल्यूटनला असली आणि तिकीट मिळालं तर पोराला घेऊन जाच.

प्रश्न: सर, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. माझं सरळ म्हणणं आहे की सगळा खेळ पैशाचा आहे. वेल्समधल्या रेक्सहॅम क्लबला हॉलिवूडचे मालक मिळाले आणि तीन वर्षांत तीन प्रमोशन. उद्या कोणी अब्जाधीश कुठलाही तळातला क्लब घेऊन वर नेऊ शकतो. बरोबर ना?
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर: अर्धं बरोबर. पैशाशिवाय चढणं आता फार अवघड झालंय हे मान्य. रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या नटांनी फेब्रुवारी 2021 मध्ये रेक्सहॅम ताब्यात घेतला, 2023, 2024, 2025 अशी लागोपाठ तीन प्रमोशन, इंग्लंडच्या वरच्या पाच डिव्हिजनमध्ये असं याआधी कोणीही केलं नव्हतं. त्यांच्या पगाराचं बजेट खालच्या डिव्हिजनमध्ये कोणाला झेपणारं नव्हतं, तेही खरं.

पण तू सुरुवात 2021 पासून करतोयस, मी 2011 पासून करीन. रेक्सहॅम 1864 चा क्लब, 2008 मध्ये लीगबाहेर गेला, आणि 2011 च्या ऑगस्टमध्ये अशी वेळ आली की लीगला अनामत भरली नाही तर खेळूच देणार नव्हते. लोकांनी काही तासांत लाखावर पाउंड जमवले. गावातले साधे कामगार लोक होते हे, कोळशाच्या खाणी बंद पडलेला भाग आहे तो. मग चाहत्यांच्या ट्रस्टनेच क्लब चालवला, दहा वर्षं, कर्ज न करता. म्हणून तर हॉलिवूडवाल्यांना घ्यायला जिवंत क्लब मिळाला, आणि तोही ट्रस्टच्या सभासदांनी मतदान करून 98 टक्क्यांहून जास्त मतांनी हो म्हटल्यावर. ती दहा वर्षं कोणी कॅमेऱ्यात घेतली नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत, पण माझ्या लेखी खरी चढाई तीच.

आता पैसा असून अडकलेले बघ. सॅलफर्ड सिटी, मँचेस्टर युनायटेडचे माजी खेळाडू गिग्ज, स्कोल्स, नेव्हिल बंधू वगैरे मंडळींनी 2014 मध्ये घेतला, पाच वर्षांत चार प्रमोशन, 2019 ला लीग टू, आणि 2025 पर्यंत तिथेच. कारण खाली सगळ्यांत श्रीमंत होते, लीग टूमध्ये आले तर आजूबाजूला तसेच चार-पाच जण. शिवाय तिथे नियम आहेत, लीग वनमध्ये उत्पन्नाच्या साधारण 60 टक्के आणि लीग टूमध्ये 50 टक्क्यांपर्यंतच खेळाडूंच्या पगारावर घालता येतात, त्यामुळे मालक कितीही मोठा असला तरी स्टेडियम भरलं पाहिजे, शर्ट विकले गेले पाहिजेत.

आणि पुण्याचा मुलगा असून तू ब्लॅकबर्नला विसरलास! आपल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज ग्रुपने, वेंकीजने, नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स 2 कोटी 30 लाख पाउंडांना घेतला. 1995 चा प्रीमियर लीग चॅम्पियन क्लब. महिन्याभरात अनुभवी मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं, त्यांच्या जागी ज्यांनी कधी टीम सांभाळली नव्हती ते स्टीव्ह कीन आले, मे 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि त्या विगनविरुद्धच्या मॅचमध्ये कोणीतरी निषेध म्हणून मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. 2017 ला तर तिसऱ्या पायरीवर, तेही पॉइंट सारखे असताना गोलांच्या फरकावर, आणि प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी पाळी पहिल्यांदाच आली. पुढच्याच वर्षी टोनी मोब्रे यांच्या हाताखाली वर आले आणि 2025 ला चॅम्पियनशिपमध्ये होते. मालकांनी पैसे घातले नाहीत असं म्हणता येणार नाही, वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरलाय. चुकलं ते पहिल्या दोन वर्षांत, क्लब आतून ओळखणाऱ्या माणसांना बाजूला सारलं तिथे. ते दिवस आठवले की मला वाईट वाटतं, कारण पुण्याचं नाव इंग्लंडमध्ये त्या निमित्ताने चांगल्या अर्थाने जायला हवं होतं.

सगळ्यात वाईट उदाहरण बरीचं. हे मँचेस्टरजवळचं गाव आहे, ल्यूटनमधल्या बरी पार्कशी संबंध नाही. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, त्यातली 1903 ची फायनल 6-0. एप्रिल 2019 मध्ये ते लीग टूमधून प्रमोशन मिळवून वर गेले. ऑगस्ट 2019 मध्ये लीगने त्यांना काढून टाकलं, कारण देणी भागवायला पैसे आहेत हे दाखवता आलं नाही. लीग वनची एकही मॅच खेळले नाहीत. म्हणजे मैदानावर वर चढले आणि चारच महिन्यांत लीगमधून नाव गेलं! म्हणून मी कुठल्याही तळातल्या क्लबबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो की मैदान कोणाच्या मालकीचं आहे आणि पगार वेळेवर होतात का. स्ट्रायकर कोण आहे ते नंतर. बरीच्या लोकांनी मात्र सोडलं नाही, दोन गट एकत्र आले, जुन्या गिग लेन मैदानावर परत खेळायला लागले आणि 2025 ला नवव्या पायरीवरून आठव्यावर गेले.

प्रश्न: प्लेऑफ हा अन्याय नाही का? वर्षभर तिसरा नंबर टिकवायचा आणि सहाव्या नंबरवाल्याने एका मॅचमध्ये हिरावून न्यायचं?
— ठाणे

उत्तर: थोडा आहे. 2023 मध्ये नॉट्स काउंटीने नॅशनल लीगमध्ये 107 पॉइंट केले आणि तरी दुसरे, कारण रेक्सहॅमचे 111, आणि वर थेट एकच जात होता. प्लेऑफमधून गेले शेवटी, पण वेम्बलीवर पेनल्टीपर्यंत जावं लागलं. नसते गेले तर मी आयुष्यभर प्लेऑफला शिव्या घातल्या असत्या. नॅशनल लीगचे क्लब वरच्या जागा दोनाच्या तीन करा म्हणून 2025 मध्ये मागणी करत होते आणि ती अगदी रास्त आहे.

पण प्लेऑफ नसेल तर दहाव्या नंबरच्या क्लबचा सीझन फेब्रुवारीतच संपतो, कोण येणार मग थंडीत बघायला? आणि उलटही बघा, वॉल्सॉल जानेवारी 2025 मध्ये लीग टूमध्ये 12 पॉइंटांनी पुढे होता, मग घसरत घसरत चौथा आला आणि फायनलला एएफसी विम्बल्डनकडून 1-0 हरला. तिथे दोष प्लेऑफला देता येत नाही. मला प्लेऑफ हवा वाटतो.

प्रश्न: नमस्कार. आमच्या तालमीचा संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये दरवर्षी तळाला, कधी टिकतो कधी खालच्या गटात जातो. मोठ्या तालमी बाहेरचे खेळाडू आणतात, आमच्याकडं पेठेतलीच पोरं. शाहू स्टेडियमवर गर्दी मात्र आमच्यामागं कमी नाही. ते इंग्लंडचं सगळं वाचतो, बरं वाटतं, पण आमच्यासारखा संघ कधी आय-लीगला किंवा तिच्यावरच्या आयएसएलला (इंडियन सुपर लीग) जाऊ शकतो का? का हे आपल्यासाठी नाहीच?
— मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: हे पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो होतो, कारण गर्दी, पेठ, ईर्षा, हे जे इंग्लंडच्या खालच्या क्लबांकडे आहे ते भारतात कोल्हापूरइतकं फार थोड्या ठिकाणी आहे. नाहीये ती शिडी.

कागदावर रस्ता आहे, 2025 मध्ये तो असा होता. राज्याच्या असोसिएशनने पाठवलेले क्लब आय-लीग 3 खेळतात, तिथून आय-लीग 2, मग आय-लीग, आणि आय-लीग जिंकणाऱ्याला आयएसएल. राउंडग्लास पंजाब 2023 ला असाच गेला, मोहम्मेडन स्पोर्टिंग 2024 ला. पण 2025 पर्यंत आयएसएलमधून खाली कोणीच आलं नव्हतं. 2014 ला सुरू झाल्यापासून एकही क्लब खालच्या लीगमध्ये घसरला नव्हता. आणि 2025 ला तर कोण वर जाणार हे मैदानावर ठरलंच नाही, फेडरेशनने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला चॅम्पियन ठरवलं, इंटर काशी हा दुसरा दावेदार क्लब स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला आणि 18 जुलैला निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच्या आठवडाभर आधी आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा सीझनच थांबवला होता. असं असताना तुम्हाला मी स्वप्न विकणार नाही.

शिडी नसली की काय होतं ते आपण पुण्यात पाहिलंय. पुणे एफसी 2007 चा क्लब, सेकंड डिव्हिजनमधून आय-लीगला आला, पहिल्याच सीझनला तिसरा, 2012-13 ला दुसरा. चांगली अकॅडमी. बालेवाडीला मॅच असायच्या. आणि 2014-15 नंतर सीनियर टीम बंद, कारण वरची लीग वेगळीच निघाली आणि तिथे जायचा रस्ता खेळून मिळवायचा नव्हता. पाच वेळा देशाचा चॅम्पियन असलेल्या गोव्याच्या डेम्पोने 2016 मध्ये, सेकंड डिव्हिजन जिंकून वर यायची पात्रता मिळवलेली असताना, याच धोरणाच्या निषेधार्थ माघार घेतली. आठ वर्षांनी, 2024 ला, ते आय-लीग 2 मधून परत आय-लीगला आले. डेम्पोसारख्याला आठ वर्षं लागली, पण आले.

तुमच्या संघाचं म्हणाल तर आयएसएल सोडा, आय-लीग 3 हे पुढच्या आठ-दहा वर्षांचं ध्येय ठेवता येईल, आणि त्यात वेडेपणा काही नाही. खरी अडचण खेळाची नाही, खर्चाची आणि कागदपत्रांची येते. राष्ट्रीय पातळीवर जायचं तर क्लबची नोंदणी, ऑडिट झालेले हिशेब, लायसन्स असलेला कोच, वयोगटांच्या टीम, हे लागतं, वर्गणीच्या वहीवर चालत नाही. आणि कुठून कुठे प्रवास करावा लागतो, वीस-पंचवीस जणांचा, तो पैसा एका सीझनला जमतो, दुसऱ्याला कुठून आणणार? बऱ्याच क्लबांचं तिथेच अडतं.

बाहेरचे खेळाडू आणणाऱ्या तालमींशी पैशात बरोबरी करायला जाऊ नका, तुम्ही तिथे हरणारच. पेठेतली पोरं आहेत म्हणता ना, ती लवकर पकडा. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला. पोरींची टीम काढा, तिथे स्पर्धा अजून कमी आहे आणि एफसी कोल्हापूर सिटी इंडियन विमेन्स लीगपर्यंत जाऊन आलेला आहे, म्हणजे तुमच्या गावातून राष्ट्रीय लीगला जायचा रस्ता पोरींनी आधीच काढून ठेवलाय. आणि एखादा पोरगा मोठ्या अकॅडमीत गेला तर रुसू नका, जाऊ द्या, पण त्याची तुमच्याकडची नोंदणी नीट करून ठेवा. खेळाडू पुढे प्रोफेशनल झाला की ज्या क्लबने त्याला लहानपणी घडवलं त्याला मोबदला द्यायचे नियम आहेत, आणि नोंद नसल्यामुळे आपल्याकडचे क्लब त्यावर पाणी सोडतात. या सीझनच्या नोंदणीच्या वेळीच तालमीतल्या एखाद्या हिशेबात पक्क्या माणसाला हे काम द्या, आणि 13 नि 15 वर्षांखालच्या दोन टीम यंदाच उभ्या करा, सीनियर टीम तळाला राहिली तरी.